आठवी खिडकी

१

सकाळी पावणेदहाला फोन वाजला. नमस्कार नाही, चमत्कार नाही, पलीकडून एक बाई थेट म्हणाल्या, “माझी खिडकी कुठं गेली?”

मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात फोन उचलते. तेवीस वर्षं उचलतेय. या काळात लोकांच्या भिंतींना तडे गेले, जिने वाकडे झाले, एकाच्या गच्चीत तर दुसऱ्याच्या कबुतरांनी संसार थाटला. पण अख्खी खिडकी हरवल्याची तक्रार पहिलीच.

फोनवर आमच्या पोस्टमास्तरीणबाई होत्या. सहा वर्षांपूर्वी कमरेखालचं अंग लुळं पडलं आणि त्या नोकरी सोडून चाकाच्या खुर्चीत बसल्या. बसल्या म्हणजे फक्त बुडानं. डोकं एक मिनिट बसत नाही. आपल्या नव्या घराचं मॉडेल त्यांनी स्वतः संगणकावर केलं होतं. घर सजवणाऱ्या हौशी लोकांसाठी सोपे प्रोग्रॅम असतात ना, भिंत ओढा, खिडकी चिकटवा, सोफा ठेवा, तसल्या एका प्रोग्रॅममध्ये. ते मॉडेल आमच्याकडे आलं, आम्ही ते कॅडमध्ये, म्हणजे आमच्या नकाशे काढायच्या प्रोग्रॅममध्ये आणलं, नकाशे काढले, बांधकाम सुरू झालं. आज बाई पहिल्यांदाच साइटवर गेल्या होत्या. स्वयंपाकघरात शिरल्या आणि बघतात तर काय, ओट्यामागची भिंत सहा फूट उंच, सपाट, गच्च.

“मॉडेलमध्ये आठ खिडक्या होत्या,” बाई म्हणाल्या. “तुमच्या नकाशात सात आहेत. आत्ता मोजल्या.”

मी सरांना फोन जोडून दिला. दारातूनही त्यांचा आवाज ऐकू येत होता, आणि तो हळूहळू बंद होत गेला. सर ओरडायचे थांबले की आम्ही घाबरतो.

पाच मिनिटांनी त्यांनी नवीला बोलावलं. नवी म्हणजे आमची ड्राफ्ट्समन. येऊन अकरा महिने झाले तरी तिला सगळे नवीच म्हणतात. ते मॉडेल कॅडमध्ये तिनंच आणलं होतं.

“आठातल्या सात खिडक्या आल्या आणि एक नाही आली,” सर म्हणाले. “यंत्र असं करत नाही. विसरलं तर सगळंच विसरेल. एकच खिडकी निवडून काढायची तर माणूस लागतो. कुणी काढली?”

“मला माहीत नाही, सर.”

“उद्या सकाळी त्या भिंतीवर लिंटल पडणार, काँक्रीटची अख्खी पट्टी. तुझं कायम करण्याचं पत्रही उद्याच द्यायचं होतं.” सरांनी घड्याळाकडे पाहिलं. “पाचपर्यंत मला उत्तर हवं. नाहीतर पत्र वेगळं असेल.”

नवी बाहेर आली आणि माझ्या टेबलाशी उभी राहिली. रडली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती आपल्या बोटांकडे बघत होती. तिच्या घरात कमावणारी ती एकटीच, धाकट्या दोन बहिणी शिकतायत. मला संताप आला. सरांचा, खिडकीचा, सगळ्यांचाच.

“थांब,” मी म्हटलं. “आज काका आलेत.”

२

काका आमचे जुने ट्रेसर. नकाशे शाईनं काढायच्या काळात त्यांनी या ऑफिसात तीस वर्षं काढली. दुसऱ्यांच्या चुका खोडण्यात हयात गेली, म्हणून त्यांचं नाव पडलं खोडरबर. आता ते आठवड्यातून दोनदा जुन्या नकाशांच्या गुंडाळ्या लावायला येतात. खरं तर गप्पा मारायला येतात. गुंडाळ्या आहेत तिथंच आहेत.

काकांनी नवीला समोर बसवलं आणि म्हणाले, “मला संगणकातलं ओ की ठो कळत नाही. लहान मुलाला सांगतात तसं सांग. तू काय काय केलंस?”

“बाईंची फाईल त्यांच्या प्रोग्रॅममध्ये उघडली. त्यातून प्लॅन बाहेर काढला. तो कॅडमध्ये उघडला, रेघा साफ केल्या, मापं टाकली. बस.”

“काही पुसलंस?”

“एक खुर्चीसुद्धा नाही.”

“काही घातलंस?”

“न्हाणीघराचा झरोका. तो नेहमीच गळतो, हातानं टाकावा लागतो.”

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. “नेहमी गळतो? का?”

नवीनं माझ्याकडे पाहिलं. “का म्हणजे… मी आले तेव्हा सरांनीच सांगितलं, इकडून तिकडे नेताना झरोके गळतात, ते लक्षात ठेवून टाकायचे. सगळेच टाकतात.”

“हो काका,” मी म्हटलं. “हे तर मलासुद्धा माहीत आहे.”

“काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे,” काका म्हणाले. “का होतं ते कुणालाच नाही. छान. बरं, ते काम चालू असताना तुझ्या संगणकाजवळ कुणी आलं होतं?”

नवी विचारात पडली आणि एकदम तिचा चेहरा बदलला. “त्या मंगळवारी मी प्रिंट आणायला खाली गेले होते. परत आले तर माझ्या खुर्चीत एक गृहस्थ बसले होते. बाईंच्या प्लॉटशेजारचे दंतवैद्य.”

ते आठवताच मी कपाळाला हात लावला. मीच त्यांना तिथं बसवलं होतं. आणि ते आले होते त्याच खिडकीविरुद्ध तक्रार करायला.

३

दंतवैद्यांचा दवाखाना साइटला लागूनच. दोन पेशंटांच्या मध्ये त्यांनी मला आणि काकांना आत घेतलं.

“बसलो होतो, कबूल,” ते म्हणाले. “वीस मिनिटं बसलो. लोक माझ्या खुर्चीत तोंड उघडून बसतात, मी तुमच्या खुर्चीत तोंड मिटून बसलो. त्यात गुन्हा काय?”

“तुम्हाला ती खिडकी नको होती,” काका म्हणाले.

“नको होती. माझ्या मागच्या अंगणात थेट नजर येणार, म्हणून. मग बाईंनी मला घरी बोलावून मॉडेल दाखवलं. खिडकी जमिनीपासून चार फुटांवर. माझं कुंपण तिच्या माथ्यापर्यंत उंच. प्रश्न मिटला.” त्यांनी आवाज खाली आणला. “आणि खरं सांगू? बाईंच्या यजमानांच्या हाताला काय चव आहे! त्यांनी कबूल केलंय, काही जास्त झालं की खिडकीतून हाक आणि कुंपणावरून वाटी. ती खिडकी झाली नाही तर उपाशी मीच राहणार.”

खोटं बोलणारा माणूस इतक्या ओशाळ्या चेहऱ्यानं खरं सांगत नाही. आम्ही उठलो.

साइटवर ठेकेदार आमची वाटच बघत होते. आपल्यावर येणार हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून आधीच तापले होते.

“हा नकाशा बघा. यात खिडकी असेल तर मी मिशा उतरवतो! नकाशात जे असतं ते मी बांधतो, नसतं ते बांधत नाही. कोठीतला माळाही नव्हता यात, आहे का? बाईंनी फोनवर विचारलं, माळा धरलाय ना? मी म्हटलं, कसला माळा? तो मग मी वेगळा लिहून घेतला.”

“माळाही नव्हता?” काका एकदम वळले.

“नव्हता. आणि खिडकीचं म्हणाल, तर मला स्वतःला शंका आली होती. स्वयंपाकघर, आणि खिडकी नाही? मी मालकांना विचारलं. त्यांनाच, साहेबांना नाही, एवढीच माझी चूक.”

“मालक काय म्हणाले?”

ठेकेदारांनी कोऱ्या भिंतीकडे पाहिलं. “म्हणाले, नाहीये ना? बरंच झालं. बांधा तशीच.”

ते ऐकून मी काकांची नजर चुकवली. कारण महिन्यापूर्वी बाईंच्या यजमानांनी ऑफिसात एक फोन केला होता. ‘ती ओट्यामागची खिडकी काढता येईल का? बायकोला सांगू नका.’ मी म्हटलं होतं, सरांशी बोला. ते बोलले नाहीत, आणि मी विसरून गेले. रस्त्यात मी हे काकांना सांगितलं. काका रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

४

बाई आणि त्यांचे यजमान सध्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. यजमान निवृत्त ट्रक ड्रायव्हर, सहा फूट दोन इंच. दारातून वाकूनच येतात-जातात. बाई आजारी पडल्यावर त्यांनी स्टिअरिंग सोडून कढई धरली. आम्ही गेलो तेव्हा ते भांडी घासत होते आणि बाई त्यांच्याकडे पाठ करून संगणकाशी बसल्या होत्या. घरात अबोला होता. तो ऐकू येतो.

काकांनी ओट्याशीच त्यांना गाठलं. “खिडकी तुम्ही काढायला लावलीत?”

“नाही हो!” हातातलं पातेलं तसंच राहिलं. “काढावी असं वाटत होतं, हे खरं. ऑफिसला फोनही केला. पण पुढे धीर झाला नाही. मग साइटवर पाहिलं तर खिडकी नाही. मला वाटलं, हिनंच मन बदललं. मी विचारलं नाही. विचारलं आणि ती परत आली तर?”

“पण खिडकी नको का?”

त्यांनी बायकोच्या पाठीकडे पाहिलं आणि आवाज दाबून म्हणाले, “तिनं घरातली प्रत्येक खिडकी स्वतःसाठी खाली घेतली. बसल्या जागी बाहेरचं दिसावं म्हणून. ही एकच उंच. यातून तिला काही दिसणार नाही, फक्त मला दिसेल. मी मजेत बाहेर बघत भाजी ढवळायची आणि तिनं मागं बसायचं? मला नको असली खिडकी.”

मला गलबलून आलं. संशयित म्हणून आलेल्या माणसाबद्दल असं वाटणं बरं नाही, पण आलं.

काका बाईंच्या खुर्चीजवळ गेले. “बाई, घर दाखवता?”

घर दाखव म्हटलं की रुसलेली बाईसुद्धा वळते. पडद्यावर घर उघडलं. दिवाणखाना, निजायची खोली, स्वयंपाकघर. काका एका हातात आमचा नकाशा धरून एकेक वस्तू ताडून बघू लागले. टेबल नकाशात आहे. पलंग आहे. ओटा आहे. सात खिडक्या आहेत. ओट्यामागची खिडकी नाही. कोठीतला माळा नाही. न्हाणीघरातला गिझर नाही. ओट्यावरची भिंतीतली कपाटं नाहीत. दिवाणखान्यातलं भिंतीवरचं घड्याळसुद्धा नाही.

“घड्याळ कोण चोरेल?” मी म्हटलं. “तेही संगणकातलं?”

काका मात्र हसायला लागले होते. “साप साप म्हणून आपण सकाळपासून भुई धोपटतोय. या चोराची एक खोड आहे. तो खालचं काही घेत नाही. पलंग नाही, टेबल नाही, ओटा नाही. फक्त उंचावरचंच नेतो.” त्यांनी खिशातून टेप काढला. “बाई, एक विचित्र मागणी आहे. सरळ बसा आणि समोर बघा.”

टेपचं एक टोक त्यांनी जमिनीवर टेकवलं, दुसरं बाईंच्या डोळ्यांपर्यंत नेलं. आकडा पाहिला, चिठ्ठीवर लिहिला आणि चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

“आता साहेबांना आणि नवीला बोलवा,” मला म्हणाले. “चार वाजलेत. तास पुरेल.”

५

सर आले ते कपाळाला आठ्या घालून. नवी त्यांच्यामागे. खोलीत बसायला जागा नव्हती, सगळे उभेच राहिले. बसलेल्या फक्त बाई.

“नाव सांगा, काका,” सर म्हणाले.

“आधी प्रश्न. साहेब, प्लॅन म्हणजे काय?”

“हे काय आता, काका…”

“डब्याचं झाकण,” काका म्हणाले. “घर आडवं कापायचं, वरचा भाग झाकणासारखा उचलायचा आणि आत बघायचं. तोच प्लॅन. आम्ही शाईनं काढायचो तेव्हा ही सुरी आमच्या डोक्यात असायची. सुरीच्या वर काही राहिलं तर आम्ही ते तुटक रेघेनं दाखवायचो. आता सुरी यंत्र फिरवतं, म्हणून ती आहे हेच सगळे विसरले. नवी, तुमच्या ऑफिसात यंत्राची सुरी किती उंचीवर असते?”

“सेटिंगमध्ये साडेचार फूट असतं, त्याकडे कुणी बघत नाही,” नवी म्हणाली. मग सावकाश म्हणाली, “झरोका सहा फुटांवर असतो. म्हणजे तो झाकणात जातो. म्हणून गळतो!”

“शाबास. झरोका कधीच गळत नव्हता. तो झाकणाबरोबर वर जात होता, आणि तुम्ही सगळे वर्षानुवर्षं तो हातानं परत ठेवत होता.”

“पण ही खिडकी चार फुटांवर सुरू होते,” सर म्हणाले. “साडेचारवर कापलं तर ती सापडायलाच हवी.”

“साडेचारवर कापलं तर. नवी, बाईंच्या फाईलमध्ये बघ, सुरी कुठं आहे.”

नवी संगणकापाशी गेली. एक चौकट उघडली, दुसरी उघडली. तिसऱ्या चौकटीत तिचं बोट थांबलं. “इथं ‘पाहण्याची उंची’ असं लिहिलंय. तीन फूट सात इंच.”

काकांनी खिशातली चिठ्ठी काढून सरांच्या हातात दिली. त्यावर लिहिलं होतं: तीन फूट सात इंच.

“हे तुम्हाला कुठं मिळालं?” सरांनी विचारलं.

“बाईंच्या डोळ्यांत.”

सगळे बाईंकडे वळले. मग बाईच म्हणाल्या, “ते मी केलंय. त्या प्रोग्रॅममध्ये घरात फेरफटका मारता येतो. पण सगळं उभ्या माणसाला दिसतं तसं दिसायचं. ते माझं घर वाटेना. मला माझ्या खुर्चीतून बघायचं होतं.”

“म्हणजे हा प्रोग्रॅम जिथून बघतो तिथूनच कापतो,” काका म्हणाले. “दोन्हींना आकडा एकच. बाईंच्या सात खिडक्या खाली, दोन फुटांवर सुरू होणाऱ्या. त्या सुरीत सापडल्या. आठवी चार फुटांवर. ती झाकणाबरोबर गेली. चोर नाही, दरोडा नाही. माणसानं फक्त आपल्या उंचीवरून घर पाहिलं.”

नवीनं आकडा बदलून साडेचार केला, प्लॅन पुन्हा बाहेर काढला, कॅडमध्ये उघडला. ओट्यामागच्या भिंतीत तीन बारीक रेघा उमटल्या. आठवी खिडकी. तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

बाईंचा चेहरा मात्र उतरला होता. “म्हणजे खिडकी मीच घालवली?”

“नाही, बाई,” नवी पटकन म्हणाली. “तुम्ही बरोबर केलंत. आपल्या घरात आपल्या डोळ्यांनीच बघायचं असतं. चूक माझी आहे. झरोका का गळतो, हे मी अकरा महिन्यांत एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर सुरी कळली असती, आणि सुरी कळली असती तर आकडा पाहिला असता.”

मला तिचं तोंड दाबावंसं वाटलं. सुटली होती ना पोरगी! गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं? पण ती सरांकडे सरळ बघत उभी होती.

सरांनी चिठ्ठीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. “मी पंधरा वर्षांत विचारलं नाही,” ते म्हणाले. “आणि तुला शिकवलं ते मीच.” मग घड्याळ पाहून म्हणाले, “चला. गवंडी जायच्या आत साइटवर पोचू.”

पत्राबद्दल एक अक्षर नाही. मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही.

निघताना यजमानांनी बायकोची खुर्ची धरली आणि पुटपुटले, “पण तुला त्यातून दिसणार नाही गं काही.”

“अहो, मला बाहेरचं बघायचंच नाहीये,” बाई म्हणाल्या. “तीस वर्षं तुम्ही गाडीवर, मी पोस्टात. तुमचं तोंड दिसायचं ते रात्री, दिव्याखाली. आता रोज समोर उभे असता. तर तोंडावर थोडा उजेड नको? खिडकी तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठीच मागितली होती मी.”

 यजमान खुर्ची ढकलायला लागले आणि दारातून जाताना वाकायचं विसरून डोकं आपटून घेतलं.

६

विटांमधलं सिमेंट अजून कच्चं होतं. नवीनं भिंतीवर खडूनं खिडकी आखली, दोनदा मोजली, आणि गवंड्यानं वरून एकेक वीट उतरवायला घेतली. ठेकेदार “सावकाश, सावकाश” म्हणत सगळ्यांच्या मध्ये येत होते. अर्ध्या तासात दोन फूट आभाळ मोकळं झालं आणि उतरतं ऊन आत आलं. यजमानांना त्यांच्या जागी उभं केलं. बाईंनी बराच वेळ पाहिलं. “दाढी करत जा रोज,” म्हणाल्या.

सगळे हसत होते तेव्हा नवी कुठं गेली म्हणून मी वळले. ती बाईंच्या शेजारी एका उपड्या घमेल्यावर बसली होती. बाईंच्या डोळ्यांना डोळे समांतर होतील इतकी मान ताठ करून ती खोली बघत होती. इकडून तिकडे, भिंतीमागून भिंत.

“दिव्यांची बटणं,” ती एकदम म्हणाली. “भिंतीवर खुणा केल्यात त्या साडेचार फुटांवर आहेत.”

“सगळीकडे तिथंच असतात,” ठेकेदार म्हणाले.

“का?”

ठेकेदार खुणेपाशी गेले आणि स्वतःचा हात तिथं लावून पाहू लागले.

“आणि मोरीचा नळ,” नवी घमेल्यावरून न उठता म्हणाली. “आणि दाराची वरची कडी. हे त्यांच्या मॉडेलमध्ये नव्हतंच. हे आपण आपल्या सवयीनं काढलंय. हे सगळं खाली घ्यावं लागेल. मला उद्या अख्खा नकाशा परत तपासायचाय, सर. म्हणजे…” ती अडखळली. “उद्या मी असले तर.”

सर तिच्याजवळ गेले. आपली इस्त्रीची पँट सांभाळत, गुडघे मोडत, तिच्या शेजारी जमिनीवर बसले. त्यांनीही मान वर करून ती खडूची खूण पाहिली. पाहून त्यांना काय वाटलं कोण जाणे, पण मी तेवीस वर्षांत त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

“तिचं पत्र,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “उद्या पहिलं काम. कायमचं. आणि यापुढे बाहेरून आलेलं प्रत्येक मॉडेल आधी ही बघेल, मग मी.”

नवीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. गालांवर खडू लागला. मलाही काही दिसेनासं झालं होतं, आणि मी त्याचं खापर सिमेंटच्या धुळीवर फोडलं.

“हे सगळं होईल,” बाई म्हणाल्या. “आधी माझं बटण कुठं घ्यायचं ते ठरवा. ऊन जाईल.”

यजमानांनी खुर्ची भिंतीशी नेली. बाईंनी हात वर केला, जिथं तो सहज पोचला तिथं तळवा भिंतीवर ठेवला, आणि नवीनं त्या हाताभोवती खडूनं रेघ मारली.